बसलेले अप्पा

गौरम्माला एवढंच सांगितलं होतं की ते जागेवरच गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात तरुण डॉक्टरांनी शिवकन्येच्या खांद्याकडे बघत, तिच्या डोळ्यांकडे न बघता म्हटलं होतं, "जागेवरच गेले असणार. त्यांना कळलंही नसेल." शिवकन्येने घरी येऊन ते वाक्य आईच्या हातात ठेवलं. पुढे लातूरच्या त्या घरात भेटायला आलेला प्रत्येक जण तेच आपापल्या परीने बोलून गेला. पुण्यवान माणूस, अंथरूण न्हाई, कुणाला त्रास न्हाई. गौरम्मा ऐकून घ्यायची. मग पदराने तोंड पुसून नव्याने आलेल्या बाईला ती स्वतःच सांगायची, "जागेवरच गेले बघा. कळलंबी न्हाई त्यांना." त्या वाक्याच्या आधाराने तिने पहिला घास खाल्ला. त्याच्याच आधाराने तिला झोप लागू लागली.

गौरम्माच्या नवऱ्याचं, गुरुपादप्पांचं, गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. औशाला एका नातलगाच्या नव्या घराची पूजा होती, तिकडे ते स्कूटरवर निघाले होते. औसा रस्त्यावर मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवलं आणि तो न थांबता निघून गेला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, आणि एवढं पुरेसं होतं.

शिवकन्या नांदेडला एका कॉलेजात मराठी शिकवायची. दिवस-कार्य उरकून ती परत कामावर रुजू झाली, त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये सिंधु मॅडम तिच्या शेजारी येऊन बसल्या. हातातला फोन त्यांनी उलटा धरला होता.

"तुमचे वडील औसा रोडलाच ना हो?"

"हो."

"तुम्ही बघू नका. पण तुम्हाला माहीत नसेल तर ते बरं दिसणार नाही, म्हणून सांगते. माझ्या भावाच्या ग्रुपवर एका पेजची लिंक आलीय."

बघू नका म्हणून पुढे केलेला फोन कुणी बघितल्याशिवाय परत देत नाही. शिवकन्येने बोट लावलं. रस्त्याच्या कडेचं कडुलिंबाचं झाड. बुंध्याला टेकवून कुणीतरी अप्पांना बसवलेलं. पाय समोर पसरलेले, एका पायात चप्पल नाही. शर्टाची डावी बाजू काळपट ओली. भोवती खूप पाय आणि खूप आवाज. आणि अप्पांचे डोळे उघडे. त्यांनी उजवा हात जमिनीवरून उचलला, कुणाला तरी थांब म्हणावं तसा.

शिवकन्येने फोन सिंधु मॅडमच्या मांडीवर ठेवला. घंटा झाली होती. ती वर्गात गेली आणि ठरलेला धडा शिकवला. जागेवरच गेलेल्या माणसाचा हात वर होत नाही, हे वाक्य तासभर तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

घरी येऊन तिने दार लावलं तेव्हा एकच गोष्ट स्पष्ट होती. अव्वाने, आईने, हे बघता कामा नये. आपण रडायचं की नाही, चिडायचं की नाही, हे नंतर बघू. अव्वाकडे आता फक्त ते वाक्य होतं आणि ते खोटं निघालं तर तिच्याकडे काहीच उरणार नव्हतं.

तसं म्हटलं तर अव्वाकडे एक फोटोही होता.

त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळावर, दंडांवर विभूतीचे पट्टे ओढून त्याला मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेल्या स्थितीत समाधी देतात. बसवल्यावर घरच्यांनी दोन्ही बाजूंना बसून फोटो काढून घ्यायचा हाही जुना रिवाज. पूर्वी स्टुडिओवाला बोलवायचे. अप्पांच्या वेळी पुतण्या सोमेशने मोबाइलवर काढला आणि त्याच संध्याकाळी आपल्या पानावर टाकला. पांढरं स्वच्छ धोतर, फेटा, गळ्यात हार, चेहरा शांत. जखमेची बाजू अंत्यविधी करणाऱ्या जंगमांनी शालीखाली झाकली होती. शेजारी गौरम्मा, मागे सगळं गोत.

तो फोटो गौरम्माला फार आवडला. सोमेशने तिच्या फोनवर ते पान उघडून कसं बघायचं हे दाखवून दिलं होतं. रोज सकाळी पूजा झाली की ती तो फोटो उघडायची. "बघ," तिने एकदा शिवकन्येला दाखवलं होतं, "दुकानात गिऱ्हाईक नसलं की अस्सेच बसायचे."

म्हणजे अव्वा रोज त्याच साइटवर जात होती जिथे तो व्हिडिओ होता. बोट थोडं खाली घसरलं की संपलं.

शिवकन्येने तक्रार केली. साइट विचारत होती, तुम्हाला यात काय खटकतं? पर्याय होते: नग्नता, द्वेष, हिंसा, फसवणूक, इतर. तिने हिंसा निवडलं. मग मागे जाऊन इतर निवडलं, कारण हिंसा तर टेम्पोने केली होती, हे दुसरंच काहीतरी होतं. उत्तर लगेच आलं. यंत्राने केलेल्या मराठीत ते म्हणत होते की तुमच्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, ही सामग्री आमच्या मानकांविरुद्ध जात नाही, तुम्ही ती पाहू इच्छित नसाल तर लपवू शकता. तिने परत तक्रार केली. परत तेच आलं.

जास्त लोकांनी तक्रार केली तर विचार होतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने कुटुंबाच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "सर्वांना विनंती. ही पोस्ट कृपया रिपोर्ट करावी. अव्वाला यातलं काही कळू देऊ नये." अव्वा त्या ग्रुपवर नव्हती.

दुपारपर्यंत ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येत राहिली. संध्याकाळी तिने व्हिडिओ न चालवता त्याच्या खालचं वाचलं, आणि ती खुर्चीत मागे टेकली. सगळे नातेवाईक तिथे जमले होते. "भावपूर्ण श्रद्धांजली." "शिवैक्य गुरुपादप्पा यांच्या आत्म्यास शांती लाभो." शेजारच्या दुकानाचे किशनराव, जे या ग्रुपवर कसे होते हेही कुणाला आठवत नव्हतं, त्यांनी लिहिलं होतं, "गंजगोलाईतील जुने सचोटीचे व्यापारी गुरुपादप्पा यांना विनम्र अभिवादन." उदगीरच्या शरणम्मा मावशीने लिहिलं होतं, "दाजी तुमची लई आठवण येते." तोवर व्हिडिओवर फक्त 'औसा रोडवर भीषण अपघात' एवढंच होतं. आता त्याला नाव मिळालं होतं. रात्र व्हायच्या आत वरचं शीर्षकही बदललं: 'लातूरचे प्रसिद्ध व्यापारी गुरुपादप्पा यांचे अखेरचे क्षण'.

तिने शरणम्मा मावशीला फोन लावला.

"मावशी, तू बघितलंस ते?"

"न्हाई गं बाई. मी कशाला बघू? डोळे मिटून लिहिलं."

मग सोमेशला लावला.

"अक्का, आपल्या लोकांना रिपोर्ट म्हंजे काय वाटतं माहीत हाय का तुला? हजेरी. तू म्हणलीस रिपोर्ट करा, सगळ्यांनी जाऊन हजेरी लावली."

"हसू नको, सोमेश."

"हसून न्हाई राहिलो. रडून रडून तोंडच असं झालंय माझं." मग तो म्हणाला, "त्या पेजवाल्यालाच गाठ की. नांदेडचाच हाय. आनंदराज नाव हाय त्याचं."

आनंदराज वजिराबादेतल्या एका हॉटेलात भेटला. तिला बघताच तो उभा राहिला आणि वाकून पाया पडला.

"मॅडम, ओळखलं न्हाई का? अकरावीला होतो तुमच्याकडं. मागच्या बाकावर."

तिने ओळखलं नव्हतं. त्याने दोन चहा सांगितले. टेबलावर त्याने आपला माइक ठेवला होता, पेजचं नाव छापलेलं लाल फोमचं टोपण चढवलेला.

"ते तुमचे वडील हे मला कमेंटमधून कळलं मॅडम, खरंच सांगतो. मी काढलेला न्हाई तो. तिथल्या एका पोरानं लाइव्ह केलं होतं, माझ्याकडं फॉरवर्ड आलं."

"मग काढून टाक."

"मी काढला तरी काय होणार हाय? अजून दहा जणांनी टाकलाय. अन् मॅडम, त्या व्हिडिओत एकानं ओरडून सांगितला म्हणूनच टेम्पोचा नंबर मिळाला. पोलिस माझ्याकडून घेऊन गेले."

"नंबर सुरुवातीलाच ऐकू येतो असं म्हणतात. पोलिसांकडे प्रत आहे. मग उरलेला कशाला हवाय?"

आनंदराजने बशीत चहा ओतला आणि तो तसाच राहू दिला. "राग येऊ देऊ नका, पण तुम्हीच वर्गात वादविवाद घेतला होता. लॉकडाऊननंतर. रुळांवरच्या मजुरांचा फोटो दाखवावा का दाखवू नये. तुम्ही शेवटी म्हणला होतात, झाकलं की लोक विसरतात. मला लई पटलं होतं ते."

ती खरंच तसं म्हणाली होती. रेल्वेच्या रुळांवर झोपलेले आणि मालगाडीखाली सापडलेले ते मजूर, आणि सकाळच्या त्या फोटोत रुळांमध्ये विखुरलेल्या त्यांच्या भाकरी. तिने तो फोटो स्वतः पुढे पाठवला होता, त्याच्याखाली लिहिलं होतं, आणि आजही कुणी विचारलं असतं तर ती तेच म्हणाली असती. जगातली कितीतरी दुष्कृत्यं कुणीतरी डोळ्यांसमोर धरली म्हणूनच थांबली, हे तिने आयुष्यभर वाचलं होतं आणि शिकवलं होतं.

"त्या फोटोत माणसं नव्हती, आनंदराज. भाकरी होत्या."

"हाव. पण भाकरी लोकांनी बघितल्या त्या माणसं मेली म्हणून, मॅडम."

तिने माइक बाजूला सारला. ती म्हणाली, "माझ्या आईने अजून बघितलेला नाही. ती बघू नये, एवढंच आहे माझं. वाद घालायला आले नाही मी."

तो काही निर्दय मुलगा नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. मग त्याला एक सुचलं आणि ते सुचल्याचा आनंदही दिसला. "असं करू का मॅडम? मी हा खाली घेतो. त्याच्या जागी आईंची एक बाइट टाकू. दोनच वाक्यं. न्याय मिळावा म्हणून. ते याच्यापेक्षाबी जास्त चालंल."

शिवकन्या उठली. तिचा चहा तसाच राहिला.

घरी येऊन तिने नवा संदेश लिहायला घेतला. या वेळी चूक होऊ द्यायची नव्हती. लिंक द्यायची नाही, कारण लिंक दिली की लोक जाऊन लिहितात. कुठलं बटण, कुठला पर्याय, सगळं सांगायचं. प्रश्न फक्त एवढाच होता की त्या व्हिडिओला म्हणायचं काय. 'अप्पांच्या मृत्यूचा व्हिडिओ' लिहिलं, पुसलं. 'जखमी अप्पा' लिहिलं. ग्रुपवर लहान मुलंही होती, तिने तेही पुसलं. 'अखेरचे क्षण' हे तर त्या पेजचे शब्द. शब्द निवडणं हेच तिचं रोजचं काम होतं, आणि ज्याने कुणाला जखम होणार नाही असा एक शब्द तिला अखेर सापडला. तिने लिहिलं:

"अप्पा बसलेले दिसतात ती पोस्ट उघडावी. खाली कुणीही काही लिहू नये. वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवावं. तक्रार निवडावं. इतरमध्ये जाऊन मृत व्यक्तीचं दृश्य हे कारण निवडावं. एवढं सर्वांनी आजच करावं."

मंडळी आज्ञाधारक होती. मागच्या वेळची चूक त्यांच्या मनाला लागलीही होती. एकेकाचं उत्तर येऊ लागलं. झालं. केलं. मी पण केलं. पोराकडून करून घेतलं. किशनराव म्हणाले, दुकानातल्या सगळ्यांच्या फोनवरून केलं. तिला बरं वाटलं. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी झालं असं वाटून ती लवकर झोपली.

सकाळी दुसरा तास संपवून ती वर्गाबाहेर आली तेव्हा ग्रुपवर शरणम्मा मावशीचा संदेश होता. "केलं बाई तू म्हणलीस म्हणून. पण तो फोटो का काढायचा गं? किती छान बसलेत दाजी."

शिवकन्या जिन्यातच थांबली. मुलं तिला वळसा घालून खाली जात राहिली.

बसलेले. त्यांच्या घरात, त्यांच्या समाजात या शब्दाला एकच अर्थ होता. झाडाला टेकवलेला जखमी माणूस तिला बसलेला दिसला होता, कारण तो एकदा डोळ्यांत शिरल्यावर तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. बाकीच्यांसाठी अप्पा एकदाच बसले होते, शाल पांघरून, हातात लिंग घेऊन. सगळे सरळ सोमेशच्या पानावर गेले होते.

सोमेशचा फोन त्याच वेळी आला. "अक्का, आपला फोटो उडवला त्यांनी. मृतदेहाचं चित्र टाकलं म्हणून मलाच नोटीस हाय. पानबी बंद केलंय. तो दुसरा तसाच हाय."

"अव्वाला माहीत आहे?"

"मी उदगीरला आलोय माल घ्यायला. सकाळी निघताना भेटलो न्हाई तिला."

"तिच्याकडे कुणाला तरी पाठव. फोन काढून घे म्हणावं तिच्याकडून. काहीही सांग."

"कुणाला पाठवू? अन् काय सांगायचं, अक्का? काल तर तिनं मला इचारलं, फोनमधला फोटो भिंतीवरच्यासारखा मोठा करून मिळतो का म्हणून. आज म्हणू का, फोनच दे?"

शिवकन्येने अव्वाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. तिने प्राचार्यांना सांगितलंही नाही, रिक्षा करून स्टँडवर आली आणि लागलेल्या पहिल्या बसमध्ये बसली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या कडेने लिंबाची झाडं होती आणि ती बघायची नाहीत म्हणून ती समोरच्या बाईच्या अंबाड्याकडे बघत राहिली. वाटेत तिने कितीतरी गोष्टी मनात जुळवल्या. अव्वाने फोटो शोधलाच नसेल. शोधला असेल तर फोन बिघडला असं वाटलं असेल. आपण सांगू, कंपनीचं काहीतरी काम चाललंय, येईल परत.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून गौरम्मा खाली बसली होती. पुढ्यात फोन. चूल पेटवलेली दिसत नव्हती.

"आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलंच तू येशील."

"फोन का उचलला न्हाईस, अव्वा?"

"उचलला असता तर हे बंद झालं असतं."

शिवकन्या तिच्या शेजारी खाली बसली. आई रडलेली नव्हती. ती नुसती थकलेली दिसत होती, दिवसभर उन्हात चालून आल्यासारखी.

"सकाळी पूजा झाली," गौरम्मा म्हणाली. "फोटो उघडला तर फोटो न्हाई. मला वाटलं, माझ्याच बोटानं पुसला गेला. लई दाबून बघितलं. मग त्या पोरानं शिकवलं होतं, तो माइक दाबायचा अन् बोलायचं, जे पाहिजे ते दाखवतंय म्हणून." तिने दाराकडे बघितलं. "कधी नाव घेतलं न्हाई गं मी त्यांचं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. सासूनं सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की आयुष्य कमी होतं त्याचं. आता काय कमी व्हायचं राहिलंय, म्हणलं. दार लावलं अन् नाव घेतलं."

"अव्वा."

"तर हे दाखवलं त्यानं."

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत राहिला. मग ती सुरू होऊन निघून गेली.

"तू तर म्हणलीस जागेवरच गेले."

"मला डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं तेव्हा."

"नंतर माहीत झालं?"

"हाव."

"म्हणून काढायला लागली होतीस?"

"हाव."

गौरम्माने पुढ्यातला फोन सरळ केला. मग विचारलं, "तू सगळा बघितलास का?"

"न्हाई. थोडासाच."

"मग बघ."

"नको, अव्वा."

"मी बघितलाय. मी एकटीनं किती येळा बघू?" तिने फोन उचलून मुलीच्या हातात दिला. "बघ म्हणते तर."

शिवकन्येने बघितला. लिंबाचं झाड, पसरलेले पाय, तो वर झालेला उजवा हात. ती जिथे थांबली होती तिथून पुढे. पडद्याच्या तळातून छोटी लाल बदामं उगवून वर जात होती, कारण तेव्हा कुणी कुणी ते घरी बसून बघत होतं. पाणी देऊ नका, डोक्याला मार हाय, असं कुणीतरी ओरडत होतं. गाडी बोलावली का, असं दुसरं. ज्याच्या हातात फोन होता तो वाकून जवळ गेला आणि अप्पांचा चेहरा मोठा झाला. ते बोलत होते. पाणी मागत नव्हते, देवाचं नावही घेत नव्हते. दुकानात घाऊक व्यापाऱ्याला फोन नंबर सांगताना आकडे जसे जोडीजोडीने, सावकाश, समोरच्याला लिहून घ्यायला वेळ देत सांगायचे, तसं ते सांगत होते. अठ्ठ्याण्णव. बावीस. मग श्वास अडकला. परत पहिल्यापासून, अठ्ठ्याण्णव, बावीस.

तो गौरम्माचा नंबर होता.

"नंबर सांगून राहिलेत," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. "घरचा असंल. लाव की रे."

उत्तर अगदी जवळून आलं, स्वच्छ, कारण बोलणाराच फोन धरून उभा होता. "लाइव्ह चालू हाय. कॉल लावला तर कट होतंय."

दुसऱ्या कुणी आपला फोन काढला की नाही ते चित्रात दिसत नव्हतं. अप्पांनी आणखी एकदा सुरुवात केली. या वेळी ते जवळजवळ शेवटच्या जोडीपर्यंत पोचले.

व्हिडिओ संपला आणि त्याच्या खाली शरणम्मा मावशी, किशनराव आणि सगळे हात जोडून ओळीने उभे राहिले.

"ऐकलंस?" गौरम्माने विचारलं.

"हाव."

"फोन इथंच होता. ह्याच ओट्यावर. मी शेंगा सोलून राहिले होते." तिने ओट्याकडे हात केला, जणू जागा दाखवणं जरुरीचं होतं. "हात मोकळेच होते माझे. उचलला असता मी."

"हाव, अव्वा."

"काय बोलले असते, काय माहीत. औशाला पोचायला उशीर होईल म्हणले असते. एवढंबी म्हणले असते तरी चाललं असतं."

शिवकन्येने आईचा हात धरला. तिला काही सांत्वन करता येईल असं वाटून नव्हे. दोघींच्या मध्ये फोन पडलेला होता आणि तो तसा पडलेला बघवत नव्हता. तिने कुणाकुणाला काय सांगितलं होतं, कुठल्या कारणावर बोट ठेवलं होतं, शब्द कसा मोठ्या काळजीने निवडला होता, हे सगळं ती सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. आईला ते विचारायचंच नव्हतं.

"आपला फोटो परत देतील का ते?"

"अर्ज करावा लागेल. मी करते."

"देतील?"

"माहीत न्हाई. सोमेशकडं मूळ फोटो असंल की, त्याच्यावरून मोठा काढून घेऊ."

"फोटोत बोलत न्हाईत ते," गौरम्मा म्हणाली. तिने फोन ओढून जवळ घेतला. तिचा आवाज खाली गेला होता. "हे काढून टाकतील का गं आता? तू लिहिलंस म्हणून?"

शिवकन्येने तिच्याकडे बघितलं. आई भिऊन विचारते आहे की आशेने, ते तिला आधी कळलं नाही. मग कळलं. इतके दिवस जे उत्तर मिळून तिची झोप उडाली होती, तेच उत्तर तिला आता आईला द्यायचं होतं, आणि ते खरं होतं.

"न्हाई काढत, अव्वा," ती म्हणाली. "मी लई सांगून बघितलं. ते न्हाई काढत."

गौरम्माने पदराने काच पुसली आणि पहिल्यापासून लावलं.